साऱ्या वर्गात एक चष्मा

मी चष्मा बोलतो आहे. खरे सांगायचे तर पाऊण चष्मा. माझी उजवी काच तडकलेली आहे आणि डावी दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. एवढ्या भांडवलावर आत्मचरित्र सांगायला बसणे हे धाडसच. पण माझ्यापेक्षा कितीतरी कमी पाहिलेल्या माणसांची जाडजूड आत्मचरित्रे मी स्वतः वाचली आहेत, त्यामुळे संकोच वाटत नाही.

माझे पहिले नाक बनईसा साहेबांचे. ते राहायला सला शहरात आणि नोकरीला नदीपलीकडे, रबातच्या एका कचेरीत कारकून. त्यांच्या नाकावर बसून मी उभा जन्म लोकांचे अर्ज वाचले. रोज अर्ज वाचणाऱ्याला दुःखाचे नवल राहत नाही. खाली शिक्का नीट उमटला आहे की नाही, तेवढेच तो पाहतो. निवृत्तीनंतर साहेबांनी पुष्कळ पुस्तके वाचली. माझी भाषा त्यामुळे सुधारली. स्वभाव कचेरीतलाच राहिला.

साहेब गेले. त्यांच्या पत्नीने त्यांचे कपडे वाटून टाकले आणि मला वस्तीतल्या समाजकेंद्रात नेऊन दिले. तिथे उतारवयातल्या लोकांसाठी काही ना काही चालू असे. सोमवारी रक्तदाब तपासणी, बुधवारी भरतकाम, आणि एकदा ‘म्हातारपणी पडू नये म्हणून कसे चालावे’ या विषयावर व्याख्यान झाले. व्याख्याते मंचावरून उतरताना ध्वनिवर्धकाच्या वायरीत अडकून पडले. म्हाताऱ्या मंडळींना ते व्याख्यान फार आवडले.

मला मात्र बायकांच्या साक्षरता वर्गात नेमले गेले. दुपारच्या नमाजानंतर तो भरे. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांना जवळचे दिसत नव्हते, आणि साऱ्या वर्गात चष्मा म्हणून मी एकटा. प्रत्येकीचा नंबर निराळा असणार; पण चष्माच एक असल्यामुळे त्या प्रश्नाची कधी चर्चा झाली नाही.

शिकवायला सिहाम नावाची तरुण मुलगी होती. सगळ्या तिला ‘बाई’ म्हणत, आणि विसरल्या की ‘पोरी’ म्हणत. तिने एक युक्ती काढली होती. जिच्या नाकावर मी असेन तिने पुस्तक वाचायचे. बाकीच्यांपुढे एकेक परात, परातीत रवा. डोळे मिटून रव्यात बोटाने अक्षर काढायचे, हाताने सपाट करायचे, पुन्हा काढायचे. महिनाअखेरीला त्याच रव्याची भाकरी भाजून सगळ्या चहाबरोबर खात. रकिया नावाची एक फटकळ बाई होती, ती म्हणे, “डोक्यात नाही गेलं तर पोटात तरी गेलं पाहिजे.”

पुस्तक सरकारी होते. त्यात बँकेत खाते कसे उघडावे आणि रस्ता कसा ओलांडावा याचे धडे होते. चौथ्या की पाचव्या धड्याला रकियाने पुस्तक मिटले.

“पोरी, बँकेत आम्हाला कोण ओळखतं? आमच्या ओळखीची सगळी माणसं कब्रस्तानात आहेत. तिथलं वाचायला शिकव.”

सिहाम आधी हसली, मग सगळ्यांचे चेहरे पाहून तिने पुस्तक बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिले, ‘हे थडगे अमक्याचे’. त्या दिवसापासून वर्गात कुणी पेंगले नाही.

सगळ्यांत आतुर होती महजूबा. रकियाची शेजारीण, स्वभावाने अगदी उलटी, बोलणे बेताचे. तिचा एकुलता मुलगा इद्रिस बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता, त्याला बरीच वर्षे झाली. आमच्याकडे दफनाला बायका जात नाहीत. पुरुष खांद्यावरून नेतात, बायका दारात उभ्या राहतात. चाळिसाव्या दिवशी तिच्या दिराने, अल्लालने, तिला कब्रस्तानात नेले, पांढऱ्या फरशीचे नवे थडगे दाखवले आणि दगडावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हापासून दर आशुराला, मोहरमच्या दहाव्या दिवशी, ती तिथे जाई, आणि दर वेळी म्हणे, “अल्लाल, एकदा वाच ना.” तो वाची. तिचे म्हणणे एवढेच होते की मरायच्या आधी एकदा ते नाव दुसऱ्याच्या तोंडून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. दुसरे काहीही वाचायला मिळाले नाही तरी चालेल.

म्हणून ती रव्यात एकच नाव काढी. अरबी लिपीत ‘इद्रिस’ची सुरुवात उभ्या काठीने होते. ती काठी ती इतकी सावकाश ओढी, जणू कुणाला झोपेतून न उठवता त्याच्या अंगावरची चादर सारखी करते आहे.

अल्लालला मी पहिल्यांदा पाहिले ते वर्गाच्या समारंभात. केंद्रात शामियाना घातला होता, नगरपालिकेतले कुणी पाहुणे आले होते, आणि शिकायला वयाची अट नसते हे त्यांनी स्वतः कंटाळेपर्यंत सांगितले. प्रत्येकीला चष्मा देण्याचे जाहीर झाले. त्या चष्म्यांची वाट मी अजून पाहतो आहे. भावंडे भेटली असती. फोटोसाठी मी एकेका नाकावरून पुढे जात होतो, म्हणजे फोटोत प्रत्येकजणी शिकलेली दिसावी.

अल्लाल काखेत वर्तमानपत्र घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. सकाळभर कॉफीच्या दुकानात पेपर उघडून बसणारा, घराण्यातला वाचणारा माणूस अशी त्याची ख्याती. रकियाने त्याला गाठले.

“काय म्हणतंय जग, अल्लालसाहेब?”

“वाईट चाललंय.”

“आणि हा समोरचा फलक काय म्हणतोय?”

“चष्मा घरी राहिला,” अल्लाल म्हणाला.

मी त्या वेळी सिहामच्या हातात होतो, हातभर अंतरावर. पण मला कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर ‘चष्मा घरी राहिला’ हे वाक्य कोण म्हणतो, ते मला ठाऊक होते. अर्जावर अंगठा उठवायला येणारे सगळे पुरुष आधी तेच म्हणत.

मग आशुरा आला. त्या दिवशी सारे गाव कब्रस्तानात असते. आमचे कब्रस्तान समुद्राकाठी. वाऱ्यात खारटपणा इतका, की दगडावरची अक्षरे माणसांच्या आठवणीपेक्षा लवकर झिजतात. सगळा वर्ग पाण्याचे कॅन, सुके अंजीर आणि हिरव्या डहाळ्या घेऊन निघाला. सिहाम बरोबर होती. अल्लालचे गुडघे दुखत होते, म्हणून तो आला नाही.

रकियाच्या नवऱ्याचे थडगे फाटकाशीच. तिने मला नाकावर चढवले, नाव वाचले आणि म्हणाली, “आहे बाई इथेच. मला वाटलं होतं, इथूनही पळाला असेल.” सगळ्या हसल्या. हसता हसता तिने डोळे पुसले आणि मी तिच्याच नाकावर राहिलो. तसेच आम्ही महजूबाच्या थडग्यापाशी आलो.

महजूबा फरशीवरची वाळू झटकायला वाकली होती, तेवढ्यात रकियाने दगड वाचला. मीही वाचला. साफ कोरलेले होते. ‘हे थडगे यामनाचे’ आणि खाली तिच्या बापाचे नाव. वय मोठे. कुणी म्हातारी होती.

रकियाचा श्वास थांबल्याचे मला नाकावर कळले. तिने एकदा महजूबाच्या पाठीकडे पाहिले. वाळू झटकून, ओढणी नीट करून महजूबा उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

“दे आता.”

रकियाने मला काढले. मी तिच्या बोटांतून फरशीच्या कडेवर पडलो, आणि वरून तिची टाच आली. पाय घसरला असे सगळ्यांना वाटावे, असा तो घसरला. पण थकलेल्या पायात विध्वंसही पुरता करण्याची ताकद नसते. माझी एकच काच तडकली आणि दांडी निखळली.

“फुटला मेला,” रकिया म्हणाली आणि तिने मला उचलून मुठीत घट्ट धरले. “जाऊ दे गं. पुढच्या वर्षी वाच. कुठे पळून जातोय तो?”

सिहाम म्हणाली, “आज्जी, मी वाचून दाखवू का?”

“नको,” महजूबा म्हणाली. “वाचून दाखवलेलं पुष्कळ झालं.”

रकियाच्या मुठीतून माझी शाबूत काच बाहेर राहिली होती, म्हणून पुढचे मला दिसले. महजूबा थडग्याशी बसली. तिने डोळे मिटले आणि दगडावर बोट ठेवले, रव्यात ठेवी तसे. ‘हे थडगे’ हे शब्द बोटाने ओळखले. तिच्या ओठांवर हसू आले. मग बोट पुढे सरकले आणि उभ्या काठीच्या जागी थांबले. काठी नव्हती. बोट खाली उतरले, तिथे ‘य’च्या खालची दोन टिंबे कोरलेली होती. ते परत वर गेले, परत खाली आले. सगळा वर्ग उभा होता. पलीकडे कुणीतरी पैसे घेऊन कुराण म्हणत होते, तेवढाच आवाज.

बोट शेवटपर्यंत गेले. महजूबाने डोळे उघडले.

“बाईमाणूस आहे हे,” ती म्हणाली.

“दगड झिजलाय गं,” रकिया म्हणाली. “तुझं बोट काय सांगणार?”

“रव्यात चुकत नव्हतं. दगडात कसं चुकेल?”

सिहाम रडायला लागली. शिकवलेले इतके नीट आल्याचे दुःख तिला पहिल्यांदाच झाले असावे. महजूबाने कॅन उचलला आणि आणलेले सगळे पाणी थडग्यावर ओतले. डहाळी ठेवली. अंजीर वाटले. मग रकियाची मूठ धरून एकेक बोट उलगडले आणि मला बाहेर काढले.

“मुद्दाम फोडलास ना?”

“हो.”

“तुझ्याआधी मी वाचलं असतं, तर तुझ्यासाठी मीही फोडला असता,” महजूबा म्हणाली आणि मला ओढणीच्या टोकात बांधून घरी घेऊन आली.

शुक्रवारी अल्लाल आला. शुक्रवारच्या नमाजानंतर तो वहिनीकडे कुसकुस खायला येई, इद्रिस गेल्यापासून दर शुक्रवारी. त्यात त्याने कधी खंड पाडला नाही. काखेत वर्तमानपत्र होते. मधोमध ताट, ताटातून वाफा. महजूबा म्हणाली, इद्रिसच्या दगडावर काय लिहिलंय ते पुन्हा सांग. त्याने न अडखळता सांगितले, बापाच्या नावासकट.

तिने त्याच्या काखेतला पेपर काढून त्याच्यासमोर धरला.

“हे काय लिहिलंय?”

“चष्मा घरी राहिला, वहिनी.”

तिने ओढणीची गाठ सोडली. “हा घे.”

त्याने मला घेतले आणि डोळ्यांवर लावले. आयुष्यात मी किती डोळे आतून पाहिले असतील. वाचणारा डोळा उंदरासारखा तुरुतुरु पळतो, ओळ संपली की परत येतो. अल्लालचे डोळे कागदाच्या मधोमध उभे होते. ते हलत नव्हते. मला एकदम सगळे दिसले. चाळिसावा दिवस, एकसारखी नवी थडगी, मागे रडणारी वहिनी, आणि सारे घर ज्याला वाचणारा समजते असा एक माणूस. ‘मला वाचता येत नाही’ म्हणण्यापेक्षा त्याला बोट दाखवणे सोपे गेले. खोटे बोलायचे म्हणून तो बोलला नसेल. त्याला वाटले असेल, हेच असेल. मग दर वर्षी ते जास्त खरे होत गेले.

ताटातल्या वाफेने माझ्या काचा धुरकटल्या. त्याने मला पुसले नाही. वाफेमागे त्याचे डोळे भरले आहेत, हे फक्त मला दिसत होते; महजूबाला दिसले असेल की नाही, सांगता येत नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. मग तिने हात लांब करून मला त्याच्या नाकावरून काढले.

“राहू दे,” ती म्हणाली. “काच फुटकी आहे. हिच्यातून कुणालाच वाचता येणार नाही.”

आणि ताटातला मांसाचा तुकडा तिने त्याच्या बाजूला सरकवला.

त्याने तो तुकडा उचलला नाही. हात तसाच ठेवून बसला. शेवटी तिनेच विचारले, “त्याला पुरला तेव्हा कब्रस्तानाच्या कुठल्या बाजूला होतास, एवढं तरी आठवतं का रे?”

अल्लाल म्हणाला, “समुद्राच्या बाजूला. वारा फार होता.”

आमचे सगळे कब्रस्तान समुद्राच्या बाजूला आहे. वारा रोजच असतो.

त्यानंतर महजूबा वर्गात गेली नाही. सिहाम बोलवायला आली तेव्हा तिने चहा दिला आणि सांगितले, मला हवं होतं तेवढं आलं. केंद्रात तिचा समारंभातला फोटो अजून लावलेला आहे. त्यात मी तिच्या नाकावर आहे, दोन्ही काचांनिशी.

आता शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे कब्रस्तानात जातो. कधी रकिया येते आणि पाण्याचा कॅन धरते. तिची बडबड अलीकडे कमी झाली आहे. एका रांगेतून सुरुवात करायची, प्रत्येक दगडापाशी वाकायचे. माझ्या डाव्या काचेतून दिसेल तेवढे डोळ्यांनी, न दिसेल तेवढे बोटाने. पुष्कळ दगडांवर काही उरलेले नाही. पुष्कळ थडग्यांना दगडच नाही, नुसती माती आणि भोवती विटा. इद्रिसच्या नावाचा दगड कुणी बसवला तरी होता का, हे विचारायला ती अल्लालकडे गेली नाही. मी कारकुनाचा चष्मा. मला उत्तर माहीत असल्यासारखे वाटते. पण माझे काम दाखवण्याचे आहे, सांगण्याचे नाही.

वाचकहो, तुमच्या नाकावर धड चष्मा असेल आणि कुणी पुढ्यात कागद धरून ‘माझा घरी राहिला’ म्हणाले, तर त्याच्याकडे बघून हसू नका. हळू आवाजात वाचून दाखवा आणि विषय बदला. अल्लालला तसे कुणी भेटले असते, तर एक आई आज योग्य मातीवर रडत असती. माझे स्वतःचे मागणे लहान आहे. डावी काच टिकावी. ती उभी काठी कुठे सापडलीच, तर तिच्या बोटाच्या आधी तिच्या डोळ्यांना दिसावी.

रांग सुरू करायच्या आधी महजूबा पांढऱ्या फरशीपाशी थांबते. यामनाबाईंना पाणी घालते, वाळू झटकते, आता नावानिशी सलाम करते. मग मला चढवते, आणि आम्ही मागच्या शुक्रवारी जिथे सोडले होते तिथून पुढे वाचू लागतो.