खाऱ्या शेंगांची टरफलं

आमच्या ह्यांना मीठ वर्ज्य आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा ह्यांनी मान डोलावली, आणि मान डोलावण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई. मिठाचा डबा त्या दिवसापासून माझ्या कपाटात कुलपात असतो.

ह्यांना आणखी एक खोड आहे. चार वर्षांपूर्वी जिन्याखाली चार्जिंगला लावलेली आमची स्कूटर पेटली. ती बाहेर ओढताना ह्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तेव्हापासून घरात काहीही चार्जिंगला लावलं, अगदी साधा फोन का असेना, की हे समोर खुर्ची टाकून बसतात आणि शंभर टक्के होईपर्यंत हलत नाहीत. दुपारची झोप म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, पण तीही गेली. मी समजावलं, चिडले, टोमणे मारले. पालथ्या घड्यावर पाणी.

लेकीने समजावलं नाही. तिने सरळ संशोधनाचा विषय बदलला. लिथियमच्या बॅटरीच्या पोटात इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रावण असतं आणि ते चटकन पेट घेतं. न पेटणारं द्रावण करायचं, असं तिने ठरवलं. बॅटरीचं एक टोक, म्हणजे अ‍ॅनोड, ती शेतातल्या टाकाऊ मालाच्या कोळशापासून करत होती. त्यात भुईमुगाची टरफलं उत्तम ठरली. झालं, ह्यांना आयतं निमित्त मिळालं. संध्याकाळी फिरून येताना शेंगा खायच्या आणि महिन्याला पिशवीभर टरफलं लेकीला द्यायची. खाण्याला हे संशोधनातला हातभार म्हणत.

सहा महिने सगळं छान चाललं. मग तिच्या बॅटरीचे सेल दगा द्यायला लागले. पाचशे वेळा चार्ज होणारे सेल पन्नासातच मान टाकायचे, आतलं द्रावण कुठेतरी जिरून जायचं. तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं की दोष तुझ्या द्रावणात आहे, शुक्रवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर हे काम बंद.

सोमवारी ती जेवायला आली आणि ताटावर नुसती बसून राहिली. कोळशाला पूर्वीच्या दुप्पट सूक्ष्म भोकं पडत होती आणि तीच द्रावण पीत होती, एवढं तिला कळलं होतं. कोळसा धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. म्हणजे भट्टीत कोळशाबरोबर मीठ जात होतं आणि तेच भोकं पाडत होतं. पण ते येत कुठून होतं? भांडी तिने तीनदा बदलली होती.

"माझ्याच हातून काहीतरी होतंय," ती म्हणाली. "मला हे जमत नसेल, आई."

सिल्व्हर नायट्रेट, पांढरा साका, मीठ. हे मी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

गप्प बसले असते तर ह्यांना कुणी विचारलंही नसतं. पण हे उठले, चपलांच्या कपाटामागे हात घातला आणि एक कागदी पुडी आणून टेबलावर ठेवली.

"शेंगा मी खाल्ल्या," हे म्हणाले. "खारवलेल्या. तीन महिने झाले. आईला कळू नये म्हणून एकेक टरफल रुमालाने पुसून द्यायचो."

मिठाच्या पाण्यात उकडलेली शेंग म्हणे रुमालाने पुसून! मला बोलायचं खूप होतं. पण लेक आधी हसली, मग रडली, मग ह्यांच्या गळ्यात पडली, आणि माझं बोलणं राहूनच गेलं. ह्यांना मात्र एकच काळजी होती.

"शुक्रवारपर्यंत होईल ना गं?"

झालं. सुरुवातीच्या पिशवीतली थोडी टरफलं प्रयोगशाळेत उरली होती. त्यांच्या कोळशाच्या सेलमध्ये पहिल्याच चार्जला दिसलं, की द्रावण आता जिरत नाही. प्रमुखांनी तिला आणखी वर्षभर दिलं. पुढच्या शेंगा मी स्वतः आणल्या, अळणी. हेही निमूटपणे खात राहिले.

वर्ष संपता संपता लेकीने आम्हाला प्रयोगशाळेत नेलं. तिथे यंत्राने तिच्या सेलमध्ये आरपार खिळा घुसवला; एरवी अशाने बॅटरी भडकून पेटते. ह्यांनी भाजलेला हात खिशात लपवला. सेल नुसता कोमट झाला.

परवा तिने तसाच सेल बसवलेला एक लहानसा दिवा घरी आणला. दुपारचं जेवण झाल्यावर ह्यांनी तो चार्जिंगला लावला आणि सवयीप्रमाणे समोर खुर्ची टाकली. मी भांडी आवरून आले, तर हे तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. भाजलेला हात मांडीवर सैल पडला होता. चार वर्षांनी ह्यांची दुपारची झोप परत आली होती.

दिवा शंभर टक्के कधी झाला ते ह्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मी दुसरी खुर्ची टाकून ह्यांच्याकडे बघत बसले होते.