ताईच्या मोबाइलमधलं चित्र

ताई टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही, पण कुणी बिस्किटांचा डबा हळूच उघडला तरी आतल्या खोलीतून ती दम देते. मोबाइल मजकूर वाचून दाखवतो आणि ती बँकेपासून भाजीपर्यंत सगळं स्वतः उरकते. त्या सकाळी मात्र ती चहा गाळत असताना मोबाइल एकच शब्द बोलत राहिला, "चित्र. चित्र."

"अरे, माझा तपासणीचा रिपोर्ट आलाय वाटतं. हा मेला नुसतं चित्र चित्र करतोय. बघ जरा."

धाकट्या भावाने बघितलं. रिपोर्ट ज्या ॲपवर आला, ते इस्पितळाचं ॲप त्यानेच ऑफिसात बनवलेलं. रिपोर्ट फोटोसारखा दिला की पान देखणं दिसतं, म्हणून मोबाइलला वाचता येणारा मजकूर त्यानेच काढून टाकला होता. घरात आंधळी बहीण असून! अहो, वाचून दाखवायला घरात कुणीतरी असतंच, ही आपली जुनी खोड. त्या 'कुणीतरी'च्या भरवशावर आपण किती जणांना परस्वाधीन करून ठेवलंय, देव जाणे.

रिपोर्टात लिहिलं होतं: स्तनातली गाठ संशयास्पद, ताबडतोब दाखवा.

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. ताई आत्ता कुठे हसायला लागली होती. त्याची जीभ उचलेना.

"सगळं ठीक आहे, ताई."

"बघ, उगाच जीव टांगणीला लागला होता!" म्हणत तिने त्याच्यापुढे कप सरकवला.

चार दिवसांनी सांगू, असं त्याने ठरवलं. मग आज नको, उद्या. एकदा खोटं बोललं की खरं सांगायला तोंड उरत नाही. सात महिने गेले. ताईची पाठ दुखून दुखून तिला उठवेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हाच का नाही आलात? आता कॅन्सर मणक्यापर्यंत पसरलाय, फार उशीर झालाय."

घरी येऊन त्याने तिच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं आणि ढसाढसा रडला.

"माझा जीव होता रे," ताई म्हणाली. "रडायचं की लढायचं, ते मी ठरवलं असतं."

"चुकलो, ताई."

"मग दुसऱ्या कुणाच्या भावाला खोटं बोलायची सोय ठेवू नकोस."

दुसऱ्याच दिवशी तो ऑफिसात साहेबांशी भांडला आणि ॲपमधल्या रिपोर्टांत मजकूर परत घालूनच उठला. तिच्या उशाशी त्याने मोबाइल धरला. मोबाइलने तो जुना रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवला.

ताईने डोळे पुसले. "किती वेळ लागला रे हे करायला?"

त्याला पुन्हा खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलला.

"एक दुपार, ताई."