खुर्चीतला अभ्यास

केस कापणाऱ्या बाईला वकील व्हायची हौस आली, तेव्हा सलूनमधल्या बायकांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग तिचं नावच वकीलबाई ठेवून टाकलं. दिवसभर सलून, संध्याकाळी कायद्याचा वर्ग, आणि घरी पुस्तक उघडून बसली रे बसली की तिसऱ्या ओळीला मान टाकलीच. उभी राहून हात चालू असले, की मात्र कानावर पडेल ते तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. जन्मजात खोड, करणार काय!

मालकीणबाई कडक. कामाच्या वेळी हातात पुस्तक दिसलं तर याद राख, असा त्यांचा दम होता. पण गिऱ्हाइकाच्या हातात काय असावं, यात त्या पडत नसत. मग काय, खुर्चीत बसेल तिच्या मांडीवर वकीलबाई पुस्तक ठेवायची आणि ती बाई मोठ्याने वाचायची. बायकांनाही गंमत वाटे. एवढंच, की कलम किचकट आलं की वकीलबाईची तंद्री लागे आणि कात्री ठरल्यापेक्षा वर सरके. शहाण्या बायका आधी पानं चाळून बघत आणि मगच खुर्चीत बसत.

करारांच्या कायद्यात ती एकदा आपटली होती. उद्या सकाळी तोच पेपर पुन्हा, आणि ही संधी शेवटची. यात गेली तर कॉलेज नाव काढून टाकणार, म्हणजे इतक्या वर्षांची ओढाताण मातीत. एक मोठं प्रकरण ऐकायचं राहिलं होतं आणि नेमकं आजच सलूनमध्ये चिटपाखरू नव्हतं. दुपारी एक आजी आल्या, त्या चष्मा विसरून. मग वकीलबाईने फोन केल्यावर तिचा नवरा धापा टाकत आला, मी वाचतो म्हणाला. मालकीणबाईंनी त्याच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिलं आणि इथे कापायचं काय, असं सरळ विचारलं. बिचारा आल्या पावली परत गेला. वकीलबाईला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही.

थोड्या वेळाने दारात सासूबाई उभ्या.

सुनेच्या शिक्षणाला नावं ठेवण्यात या बाईंनी कधी कसूर केली नव्हती. संसार करायचा की पाट्या गिरवायच्या, हे त्यांचं रोजचं पालुपद. शिवाय त्यांचे केस कमरेखाली रुळणारे. शेजारणीने नुसता हात लावलेला खपत नसे, कात्रीची तर बातच सोडा. त्या तरातरा आल्या, खुर्चीत बसल्या, वेणी सोडली आणि पुस्तक मागितलं. नवऱ्याने घरी जाऊन सगळं सांगितलं होतं, हे उघडच होतं.

वकीलबाईने नुसती टोकं कापायचं ठरवलं. पण सासूबाईंचं वाचन बोट ठेवून, अक्षर लावत चाललेलं. टोकं केव्हाच संपली, पान काही हलेना. मग तिने कात्री ठेवली आणि नुसता कंगवा फिरवू लागली. सासूबाई थांबल्या.

“आत्ता काय वाचलं मी?”

तिला सांगता येईना.

“बघ. हात थांबला की तुझं डोकं थांबतं. कात्री चालव.”

कात्री चालली. करार मोडला तेव्हा केस कमरेवर होते, नुकसान मोजेपर्यंत पाठीवर आले. सासूबाई मधेच प्रश्न विचारत, उत्तर चुकलं की तीच ओळ पुन्हा वाचत. मालकीणबाईंनी उठून खुर्चीवरचा दिवा लावला.

प्रकरण संपलं तेव्हा केस कानाशी आले होते. वकीलबाईला खाली फरशीकडे बघवेना. या बाईचा आपल्यावर एवढा जीव आहे, हे इतक्या वर्षांत तिला कधी कळलंच नव्हतं. तिने त्यांच्या उघड्या मानेवर हात ठेवला.

सासूबाईंनी आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटाला थुंकी लावून त्या पानं मागे उलटत होत्या.

“पहिल्यापासून घेऊ या का एकदा? अजून केस आहेत.”