सलग एकतीस

पाइन फोर्कमध्ये लुशियस टार्व्हरचं नाव निघालं की लोक एकच आकडा सांगतात: चव्वेचाळीस. सलग चव्वेचाळीस सामन्यांत किमान एक हिट, म्हणजे समोरच्याच्या चुकीशिवाय, स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं. अलाबामातल्या आमच्या कारखान्यांच्या बेसबॉल लीगमध्ये तो विक्रम मानला जातो. मैदानाच्या फाटकावर त्याची लोखंडी पाटी बसणार होती आणि ती सोमवारी ओतायची होती.

लुशियस माझे आजोबा. त्या सगळ्या सामन्यांची वही आजीने, ओझेलाने, लिहिली होती. मी त्या वह्या संगणकावर उतरवत होते. बत्तिसाव्या सामन्यात हिट नव्हती. आजोबांनी चेंडू जोरात मारला, तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातातून निसटला, आणि आजीने आजोबांना हिट न देता त्या क्षेत्ररक्षकाची चूक लिहिली. म्हणजे वहीप्रमाणे सलग एकतीसच; गावाने मात्र तो फटकाही हिट धरला होता. पुढच्या बारा सामन्यांत पुन्हा हिट.

रविवारी चर्चनंतर पाटीच्या समितीचे परनेल, आमच्या चर्चचे डीकन, घरी आले. मी वही दाखवली.

"मिस ओझेला, एक खूण तर खोडायची आहे! पोराला चेंडू नीट धरतासुद्धा आला नव्हता."

"नीट धरता आला नाही, म्हणूनच चूक लिहिली, परनेल. तो सरळ त्याच्या हातात गेला होता."

"अहो, नवरा होता तुमचा!"

"अजूनही आहे. तो बघा, तिसऱ्यांदा मक्याचा पाव घेतोय."

आजोबा हसले. "तीन दिवस बोललो नव्हतो हिच्याशी."

"चार," आजी म्हणाली.

"लुशियस, एकतीस लिहिलं तर तू लीगमध्ये तिसरा ठरशील," परनेल म्हणाले. "तिसऱ्याची पाटी कोण बघणार?"

मला एक गोष्ट विचारायची होती. त्या बत्तिसाव्या सामन्यापर्यंत प्रत्येक सामन्याच्या दोन वह्या सापडतात, एक आजीची, एक पाहुण्या संघाची. त्यानंतर फक्त आजीची. "पाहुण्यांच्या वह्या हरवल्या का?"

"हरवल्या नाहीत, लिहिल्याच नाहीत," आजोबा म्हणाले. "आधी पाहुणे म्हणायचे, बायको नवऱ्याच्या हिट मोजते, काय भरवसा? म्हणून वही लिहायला आपला माणूस आणायचे. त्या दिवशी सगळ्या मैदानासमोर हिने माझी हिट नाकारली. पुढच्या आठवड्यापासून कुणी माणूस आणला नाही. त्यानंतर तेरा वर्षं खेळलो, आणि माझ्या एकाही हिटवर कुणी शंका घेतली नाही."

परनेलांनी खिशातून पाटीच्या नमुन्याचा कागद काढला.

"एकतीसच ओता," आजोबा म्हणाले. "आणि खाली हिचं नाव घाला. नोंद: ओझेला टार्व्हर."

"पाटी हिट मारणाऱ्याची असते," आजी म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाचं नाव घालू? तिथं खरं कोण बोललं होतं?"

परनेलांच्या हातातला कागद आजीने ओढून घेतला, चव्वेचाळीसवर काट मारून एकतीस लिहिलं, मग खाली आपल्या नावाची अक्षरं स्वतःच नीट काढली.