थोरलीचं मागचं इंजिन

“हल्ली कुणी धड तोंड उघडून बोलत नाही,” ओबुरा कुरकुरला. “शेडमधली नवी पोरं तर ओठसुद्धा हलवत नाहीत. आयांनी ह्यांना लापशी पाजली की डिंक?”

मी त्याच्या अंगावरच्याच कोटाला बटण लावत होते. दोरा दातांनी तोडायला वाकले आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, “तुमच्या चहात मीठ घातलंय.”

तो शांतपणे चहा प्यायला. कप खाली ठेवून म्हणाला, “छान झालाय.”

माझ्या नवऱ्याचे कान गेलेत हे नाकुरूच्या रेल्वे-वसाहतीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. कागदावर आलं असतं तर त्याच दिवशी त्याला थोरलीवरून उतरवून गोदामातल्या स्टुलावर बसवलं असतं.

थोरली म्हणजे त्याचं इंजिन. आमच्यात पहिल्या बायकोला मान मोठा, आणि त्या दोघांची गाठ माझ्या लग्नाआधीची, म्हणून मी धाकटी. तिची चाकं पुसण्यापासून त्याने सुरुवात केली, मग फायरमन झाला, मग ड्रायव्हर. मधे बॉयलर, त्याच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं, दोन जागी सांधलेली. एवढंसं अंतर असलेल्या रुळांवरून ही एवढी बाई माऊच्या डोंगरात कंबर मुरडत चढायची, तेव्हा चहाच्या मळ्यातल्या बायका टोपल्या टेकवून बघत राहायच्या. दुसरा ड्रायव्हर तिच्यावर पाय ठेवायच्या आधी ओबुराला विचारायचा, जसं परक्या घरात शिरताना विचारतात. तिच्या तोंडावर पितळी तारा होता. तो पुसायचा मान मलाही नव्हता.

पण अशा इंजिनाची एक खोड असते. ओल्या रुळावर कधी पुढची चाकं घसरतात, कधी मागची. पुढची, पाऊस-धुकं नसलं तर, डोळ्यांना दिसतात. मागची कानांनीच ओळखावी लागतात, आणि लगेच वाफ कमी करावी लागते, नाहीतर गाडी चढावर अडकलीच.

ओबुराची गाडी कधी अडकली नाही. ह्याचं कारण मला कपडे धुताना कळलं. कोटाच्या एकाच खांद्यावर तेलकट बोटं उठलेली असायची, साबणाच्या बापालाही न जाणारी. ती त्याच्या फायरमनची, मुसेंबीची. मुसेंबी एका हाताने भट्टीत तेल सोडणारा कॉक सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने ओबुराच्या खांद्यावर थापटायचा. एक थाप म्हणजे पुढची चाकं, दोन म्हणजे मागची. दोघांत ह्याबद्दल एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. मुसेंबी कांबा जमातीचा, आम्ही लुओ. एरवी दोघं मासे खाण्यावरून दिवसभर भांडायचे.

ते बटण लावलं त्याच दिवशी मुसेंबीची परीक्षा होती. इन्स्पेक्टर बलवंतसिंग इंजिनावर बसून त्याचं काम बघणार होते. त्यांनी शिफारस केली तर तो ड्रायव्हर होणार. नाही केली तर आणखी दोन वर्षं कॉक फिरवत बसणार. तोवर त्याचं वय उलटलं असतं.

दुपारी थोरली शेडमध्ये परतली तेव्हा मी नेहमीसारखी दोघांचं जेवण घेऊन गेले, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि मासे. ओबुरा उतरून थेट पुढे गेला आणि आमच्याकडे पाठ करून तारा पुसायला लागला. मागे बलवंतसिंग मुसेंबीला म्हणत होते, “काम चोख आहे तुझं. चढावर धूरसुद्धा काळा होऊ दिला नाहीस. पण ड्रायव्हरला सारखा हात लावतोस. एकोणीस वेळा मोजलं मी.”

“माशी बसत होती, साहेब.”

“कधी एकदा मारलंस, कधी दोनदा.”

“कधी दोन बसायच्या.”

“आठ हजार फुटांवर? पावसात?”

“तिकडच्या माशा दणकट असतात, साहेब.”

बलवंतसिंग हसले नाहीत. “मी सव्वीस वर्षं असंच इंजिन हाकलंय, मुसेंबी. एकदाच विचारतो.” असं म्हणून त्यांनी विचारलं काहीच नाही, ओबुराच्या पाठीकडे बघितलं आणि नजर वळवली.

“वाईट सवय आहे माझी,” मुसेंबी म्हणाला. “लिहून टाका.”

त्यांनी पेन्सिल काढली.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही गप्प राहावंसं वाटलं. आठच महिने. मग मी टोपली खाली ठेवली, ओबुराच्या समोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द ओठांनी दाखवत म्हणाले, “मुसेंबीला नापास करतायत. तुमच्या खांद्याला हात लावतो म्हणून.”

“अगं उयोमाच्या पोरी,” माझ्या माहेराचं नाव घेऊन तो म्हणाला. फडकं खिशात घातलं. इंजिनाच्या गरम पाण्याने हात धुतले, कोटाची बटणं लावली आणि फोटो काढायला उभं राहावं तसा इन्स्पेक्टरांपुढे उभा राहिला.

“साहेब, दोन वर्षांत माऊच्या चढावर आमची गाडी एकदाही अडकली नाही. अशी दुसरी जोडी दाखवा.”

बलवंतसिंगांनी नाही अशी मान हलवली.

“ती मी एकट्याने चढवलेली नाही. मागची चाकं हा ऐकायचा आणि हात मी हलवायचो. ह्याच्याइतकं हे इंजिन फक्त मला कळतं. तेवढं लिहा.”

शेडमधले फिटर हातोड्या धरून थांबले होते. बलवंतसिंगांच्या मिशा एवढ्या दाट, की त्यांचे ओठ ओबुराला कधी वाचता यायचे नाहीत. त्यांच्यापुढे तो नुसता मान डोलवायचा. त्यांनी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि सावकाश विचारलं, “तुझ्या वाटचं त्याला का ऐकावं लागतं, तेही लिहू?”

“साहेब, माशी—” ओबुराचा खांदा धरत मुसेंबी मधे पडला.

“गप रे तू,” ओबुरा त्याच्याकडे न बघताच म्हणाला. “लिहा, साहेब. मला मागचं इंजिन ऐकू येत नाही. पुढचंही नाही.”