आठ दिवस बरी चालणारी गाडी

श्रीपादला गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. नांदेडच्या एका कॉलेजात तो सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता, आणि घरची पांढरी गाडीसुद्धा बहुतेक वेळा त्याची बायको विशाखाच चालवायची. असा माणूस फेब्रुवारीत प्रॅक्टिकलचा परीक्षक म्हणून उदगीरला जातो आणि तिथून एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतो, याचा अर्थ कुणालाच लागला नाही. त्यालाही लागला नाही.

झालं ते असं. परीक्षा लवकर संपली, एसटीला वेळ होता, म्हणून तो धान्यबाजाराच्या मोंढ्यातून चालत निघाला. एका अडत दुकानामागच्या गोदामाचं दार उघडं होतं. आत तुरीच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी, ताडपत्री अर्धवट सरकलेली एक लाल गाडी उभी होती. ठेंगणी, दोनच माणसं बसतील अशी, वरचं छप्पर कापडाचं. श्रीपाद दारातच थांबला आणि बघत राहिला.

"घेता का?" मागून आवाज आला. सत्तरीच्या एक बाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. त्यांचं नाव पार्वतम्मा.

"चालते का?" त्याने विचारलं. खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"चालते. धूर लई सोडते, तेवढंच."

गाडी त्यांच्या नवऱ्याची, शिवप्रसाद शेटांची. शेटांनी ती हैदराबादहून आणली होती. तीन वर्षांपूर्वी ते वारले. मुलगा बेंगळुरूला असतो, गोदाम आता विकायचं होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, पण कागद अजून जिवंत होते. नोंदणीची मुदत ऑगस्टपर्यंत होती.

श्रीपाद "विचार करतो" म्हणाला, त्यांचा नंबर घेतला आणि एसटीत बसला. विचार काहीच केला नाही. कंधार आलं तेव्हा त्याने फोन काढला आणि पार्वतम्मांना सांगितलं, "घेतो मी."

चौथ्या दिवशी टेम्पोतून गाडी दारात उतरली. विशाखा पाटबंधारे खात्यातल्या ऑफिसातून नुकतीच आली होती.

"हे काय आहे?"

"गाडी."

"ते दिसतंय. कुणाची?"

"आपली," श्रीपाद म्हणाला, आणि तो शब्द त्याचा त्यालाच विचित्र वाटला.

विशाखा भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "का घेतली?" त्याच्याकडे उत्तर असतं तर कदाचित भांडण झालं असतं. तो टेम्पोवाल्याचे पैसे मोजू लागला. तेव्हा ती आत गेली आणि चहा ठेवला.

नवी बॅटरी घातल्यावर गाडी सुरू झाली, आणि पाच मिनिटांत सगळ्या गल्लीत काळा धूर झाला. कच्च्या पेट्रोलचा वास असा की डोळे चुरचुरावेत. समोरच्या घरातल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे काढून नेले.

श्रीपादने वैजनाथ मेकॅनिकला बोलावलं. वैजनाथचं गॅरेज जुन्या गाड्यांसाठी नावाजलेलं. त्याने बॉनेट उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "सर, काई टेन्शन घेऊ नका. प्लग गेलेत अन् कार्बुरेटरमधी कचरा हाय. पेट्रोल जास्त पिऊन राहिली, म्हणून काळा धूर."

त्याने कार्बुरेटर खोलला, धुतला, तीन दिवस उघडाच ठेवला, कारण प्लग हैदराबादहून यायचे होते. मग सगळं बसवलं. गाडी सुरू केली तर धूर नाही. श्रीपादने सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरून बघितला. रुमाल पांढराच राहिला. घरी येईपर्यंत तो स्वतःशीच हसत होता.

नवव्या दिवशी तो पीयूसी काढायला गेला. नोंदणीची मुदत वाढवायची आणि गाडी नावावर करून घ्यायची तर धुराचा तो दाखला हवाच होता. नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि यंत्रावर आकडा आला: कार्बन मोनॉक्साइड साडेपाच टक्के. मर्यादा तीनची. मागे वळून बघितलं तर पुन्हा काळा धूर.

"कालपर्यंत बरी होती," श्रीपाद म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात, सर," तिथला माणूस म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नळी माझ्या गाडीला लावतो. फोटो तुमच्या गाडीचा काढू. दोन मिनिटांचं काम हाय."

श्रीपादने लगेच नाही म्हटलं नाही, आणि पुढे त्याला याचंच वाईट वाटत राहिलं. अर्धवट जळालेल्या इंधनातून कोणता वायू निघतो आणि तो रक्तात शिरून काय करतो, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होता. तरी तो तिथे मिनिटभर उभा राहिला. मग "नको" म्हणाला आणि गाडी धूर सोडत घरी आणली.

दर रविवारी सकाळी पार्वतम्मांचा फोन यायचा. विकलेल्या गाडीची त्या इतकी चौकशी का करतात, हे त्याला कळत नव्हतं.

"कशी हाय गाडी?"

"मध्ये बरी झाली होती, अम्मा. आता परत धूर सोडतेय."

"हां," त्या म्हणायच्या, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. "बरी होते. मग परत करते." आणि फोन ठेवायच्या.

वैजनाथने पुन्हा बघितलं. या वेळी तो म्हणाला, टाकीत गंज आहे. टाकी उतरवली, धुतली, ती वाळेपर्यंत कार्बुरेटरही पुन्हा खोलून ठेवला. गाडी आठ दिवस बरी चालली. नवव्या दिवशी धूर.

"सर, मला आता समजून न्हाई राहिलं," वैजनाथ म्हणाला. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या मेकॅनिकला हे म्हणताना जड गेलं असणार. "लातूरला शेषेराव हायेत. त्यांना दाखवा. मी सांगतो फोन करून."

शेषेराव साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी इंजिनला कान लावून ऐकलं आणि सांगितलं की दोष कार्बुरेटरचा नाहीच, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन उतरवावं लागेल. गाडी लातूरला तीन आठवडे राहिली. श्रीपाद दोनदा जाऊन आला. सुटे भाग फडताळात मांडलेले, प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा कागद. त्यातलं त्याला अर्धंही ओळखता आलं नाही.

मेच्या शेवटी गाडी घेऊन तो लातूरहून निघाला. छप्पर खाली केलं होतं. ऊन होतं, तरी वारा चांगला लागत होता. अहमदपूरजवळ एका ढाब्यावर थांबला तेव्हा चारपाच जण गोळा झाले. एकाने विचारलं, कितीला घेतली, दुसऱ्याने विचारलं, कशासाठी घेतली. पहिल्याला त्याने उत्तर दिलं.

नांदेडला आल्यावर सातव्या दिवशी गाडी पुन्हा धूर सोडू लागली.

आता मात्र तो खरोखर गोंधळला. प्लग बदलले की बरी. टाकी धुतली की बरी. रिंगा बदलल्या की बरी. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं, प्रत्येक औषध लागू पडलेलं, आणि आजार जागच्या जागी. तो वर्गात शिकवताना मध्येच थांबू लागला. एकदा तर समीकरणाची एक बाजू लिहून दुसरी लिहायची विसरला, आणि पोरांनी तशीच उतरवून घेतली.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी त्याने स्वतःच कार्बुरेटर खोलला. फोनवर फोटो काढत, एकेक स्क्रू वाटीत ठेवत. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून भाग मांडले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं.

विशाखा चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने मधली एक पितळी डबी उचलली. लिंबाएवढी, पोकळ, सगळीकडून बंद.

"हे काय?"

"त्याला फ्लोट म्हणतात. आत पेट्रोलवर तरंगतं. पेट्रोल पुरेसं भरलं की वर येतं आणि येणारं पेट्रोल बंद करतं. आपल्या संडासच्या टाकीतल्या फुग्यासारखं."

विशाखाने ती डबी, बाजारात नारळ घेताना करतो तशी, कानाशी नेऊन हलवली. मग पुन्हा हलवली.

"आत पाणी आहे," ती म्हणाली.

"शक्य नाही. ते बंद असतं."

"ऐका की."

त्याने ऐकलं. आत खळखळ होत होती. पाणी नव्हतं, पेट्रोल होतं.

विशाखाने पातेल्यात पाणी तापवलं. गॅस बंद करून, पातेलं मागच्या अंगणात आणायला श्रीपादने लावलं, तेवढं रसायनशास्त्र त्याला येत होतं. डबी चिमट्याने पाण्यात बुडवली. एका सांध्यापाशी बारीक बुडबुडे निघू लागले, एकामागून एक. भोक डोळ्यांना दिसतही नव्हतं.

दोघं वाकून बघत राहिली. मग श्रीपाद तिथेच पायरीवर बसला. त्या भोकातून आठवडाभर पेट्रोल आत झिरपत होतं. डबी जड व्हायची, तरंगायची नाही, इंजिनात पेट्रोल जास्त जायचं. कार्बुरेटर खोलून तीन-चार दिवस उघडा ठेवला की आतलं पेट्रोल उडून जायचं आणि डबी पुन्हा हलकी व्हायची. वैजनाथच्या प्लगांनी काही झालं नव्हतं. शेषेरावांच्या रिंगांनीही नाही. गाडी बरी झाली होती ती नुसती खोलून ठेवल्याने.

सोमवारी वैजनाथने डबी नीट वाळवून भोकाला कथलाचा डाग दिला. डबी त्याने पुन्हापुन्हा हातात फिरवली. शेवटी म्हणाला, "सर, मी ही दोनदा हातात घेतली होती. पुसून ठेवली होती."

महिनाभर गाडी चालवून मग श्रीपाद पीयूसीला गेला. आकडा आला एक पूर्णांक आठ. दाखला हातात आला, आणि त्याला वाटत होतं तेवढा आनंद झाला नाही. रविवारी पार्वतम्मांचा फोन आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"भोक होतं?" त्या म्हणाल्या.

"हो. सुईच्या टोकाहून बारीक."

"तेवढंच?"

"तेवढंच, अम्मा."

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग फोन कट झाला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"मी सांगायला नको होतं का?" त्याने विशाखाला विचारलं.

"मग काय सांगणार होता?"

"ते पण कळत नाही."

"जाऊन येऊ," विशाखा म्हणाली. "गाडी घेऊनच जाऊ."

उदगीरला पोहोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पार्वतम्मा घरातून बाहेर आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकल्या. इंजिन चालूच होतं.

"वास न्हाई," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या, पदराने हात पुसले. "ह्यांच्या सगळ्या शर्टांना वास असायचा. चौदा वर्षं. रविवार आला की खोलून बसायचे. तीन-चार दिवसांनी जोडून म्हणायचे, बरी झाली. आठ दिवसांत परत तेच. मला वाटायचं, मुद्दाम बिघडवतात. दुकानात, घरात बसावं लागू नये म्हणून. एकदा तोंडावर बोलले मी तसं."

श्रीपादने हात घालून इंजिन बंद केलं.

"ते काय म्हणाले म्हायताय? काहीच न्हाई. त्या दिवसापासून मला बरी झाली म्हणून सांगायचं बंद केलं." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही शिकलेले हाव, सर. खरं सांगा. ते बिघडवत नव्हते ना?"

"नाही," श्रीपाद म्हणाला. "उलट त्यांच्यामुळेच ती दर वेळी बरी व्हायची. ते खोलून ठेवायचे, म्हणून."

"पण त्यांना ते म्हाईत नव्हतं."

"नाही. मलाही नव्हतं. विशाखाला सापडलं."

पार्वतम्मांनी विशाखाकडे बघितलं. आपण त्यांना बरं वाटेल असं काही सांगितलं की जुनी जखम उकरली, हे श्रीपादला ठरवता येईना. विशाखाने पलीकडचं दार उघडलं.

"बसा, अम्मा. एक चक्कर मारू."

त्या नको म्हणतील असं त्याला वाटलं. त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा, आणि आत बसल्या. विशाखाने गाडी काढली. दोनच माणसांची गाडी, त्यामुळे श्रीपाद ओट्यावर राहिला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेजारच्या दुकानातल्या माणसाने चहा पाजला आणि विचारलं, "शेटची गाडी तुम्ही घेतली का?" श्रीपाद हो म्हणाला. "बेस झालं," तो माणूस म्हणाला. काय बेस झालं ते त्याने सांगितलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा पार्वतम्मांचे केस वाऱ्याने सुटले होते. डोळे लाल होते. उतरून त्यांनी चपला घातल्या आणि जेवल्याशिवाय जायचं नाही एवढंच सांगितलं. जेवणात गाडीचा विषय निघाला नाही.

परतीच्या रस्त्यावर कंधार मागे पडेपर्यंत श्रीपादने कसाबसा धीर धरला. मग विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

"काहीच नाही," विशाखा म्हणाली. "सगळा वेळ गप्प होत्या. पार देगलूर रस्त्यापर्यंत गेलो. तिथे मोकळा रस्ता लागला तेव्हा म्हणाल्या, इथं जरा जोरात घे, ते घ्यायचे तशी."

"मग?"

"त्या कधी बसल्या होत्या त्यांच्याबरोबर, असं विचारलं मी. तर म्हणाल्या, न्हाई, मी कधीच बसले न्हाई. दारातून बघायचे."

श्रीपादने तिच्याकडे बघितलं. ती समोर रस्ता बघत गाडी चालवत होती.

"मग घेतलीस जोरात?"

"घेतली," विशाखा म्हणाली, आणि पुढे ट्रक होता म्हणून तिने वेग कमी केला.