राहीला लेकरू झालं की

बोरदऱ्याच्या बारवेत उतरताना बायका अजून पायातली जोडवी वाजू देत नाहीत. खाली राही आहे. तिची झोप मोडू नये.

बारव खणली तेव्हा म्हणे दगडाखाली दगडच लागत गेला. माणसं दमली, बैल दमले, ओल काही दिसेना. मग कुणाच्या अंगात आलं की कुणी जाणत्यानं सांगितलं, कोण जाणे. पाटलाच्या धाकट्या सुनेनं तळाशी दिवा लावायचा, असं ठरलं. राही केतकवाडीची लेक. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. तबक घेऊन ती उतरली, दिवा लावला. पाणी घोट्याला आलं, तिला गंमत वाटली. गुडघ्याला आलं, तिनं लुगडं सावरलं. कमरेला आलं तेव्हा तिनं वर पाहिलं. काठावर सगळं सासर उभं होतं, आणि एकाचाही हात खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी. भाऊ गाडी जुंपून तिला न्यायला आला. पाटलानं नव्या पाण्याचा तांब्या पुढं केला. बहिणीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. भाऊ हसत म्हणाला, "राहीला लेकरू झालं की घेऊ. हाय कुठं ती?"

एका बाईनं तांब्याकडं बोट केलं.

तेव्हापासून केतकवाडीचा माणूस बोरदऱ्याचं पाणी पीत नाही. दर पंचमीला भावाच्या वंशातला एक जण खण घेऊन येतो, बारवेच्या काठावर उभा राहून हाक मारतो, "राही, चल बाई, गाडी उभी हाय." थोडा वेळ थांबतो. पाटलाच्या घरची धाकटी सून तांब्या पुढं करते. तो म्हणतो, "राहीला लेकरू झालं की घेऊ," आणि रिकामी गाडी घेऊन जातो.

जात्यावर बायका गातात:

पंचमीच्या सणा, भाऊ आला नेवायाला
बारवेच्या पान्या, सोड माझ्या बहिनीला

गोजरबाई पाटलाच्या घरात धाकटी सून म्हणून आली तेव्हा तांब्या तिच्या हाती आला. हाक मारायला यायचा छगन, केतकवाडीचा म्हातारा, उंच आणि वाळलेला, शेवरीच्या काठीसारखा. वर्षातून एकदा ती तांब्या पुढं करायची, तो ते एक वाक्य म्हणायचा. एवढीच दोघांची ओळख. पण परतताना एकदा तो थबकून म्हणाला होता, "तूबी धाकलीच न्हवं गं?" गोजरबाईनं मान हलवली. "जपून ऱ्हा बाई," म्हणाला. सासरी आल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग बहात्तरचा पावसाळा आलाच नाही. जामखेडकडची ती माळरानं आधीच हाडकुळी, त्या साली तर कातडंही राहिलं नाही. गुरं गेली. गोजरबाईची तान्ही लेकही त्याच हिवाळ्यात गेली, बारशाच्या आधी. हगवण लागली आणि बघता बघता पोर चिपाडासारखं झालं. ओढ्याकाठी तरवडाच्या झुडपाखाली तिला पुरली. नाव नव्हतं, त्यामुळे रडतानाही काय म्हणून रडावं हे गोजरबाईला कळेना. "बाई गं, बाई गं," एवढंच म्हणायची.

चैत्रात दोन्ही गावांच्या शिवेवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. बोरदऱ्याच्या आणि केतकवाडीच्या बाया एकाच रांगेत पाट्या वाहू लागल्या. प्यायचं पाणी शेजारच्या राहीच्या बारवेतून यायचं, तिथं अजून खालच्या पायरीशी काळंभोर पाणी होतं. केतकवाडीची माणसं मात्र आपल्या गावाहून गाडगी आणायची.

"केतकवाडीच्या बाया लई मानाच्या गं," बोरदऱ्याची एक म्हणाली. "घामबी घरूनच आनत्यात वाटतं."

"आनतो की," पलीकडून उत्तर आलं. "आमच्या घामात मानूस तरी बुडाल्यालं न्हाई."

सगळ्या हसल्या, मग एकेकीनं पाटी उचलली.

मग केतकवाडीचा शेवटचा झराही आटला. सरकारी टँकर यायचा, तोही यायचा थांबला. माणसं कोरडी कामावर येऊ लागली. ओठांना भेगा, जिभा जड. बारवेच्या पाण्याचं पिंप हाताच्या अंतरावर होतं. कुणी तिकडं बघायचंसुद्धा नाही.

त्या दुपारी छगनची सून बनुबाई डोक्यावरच्या पाटीसकट खाली बसली, आणि बसली ती कलंडलीच. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. गोजरबाई पिंपाकडं धावली. तांब्या भरून आणला, बनुबाईचं डोकं मांडीवर घेऊन तो तिच्या ओठांना लावला. बनुबाईनं डोळे उघडले, तांब्या पाहिला, आणि ओठ मिटून घेतले. मग सासऱ्याकडं पाहिलं.

"मामंजी घेत्याल तवा," ती पुटपुटली.

केतकवाडीची सगळी रांग थांबली होती. सगळ्यांचे डोळे छगनवर.

"बाबा, घ्या वो," गोजरबाई म्हणाली. "तिच्यासाठी घ्या. पोटात जीव हाय तिच्या."

छगनच्या तोंडात बसलेलं तेच आलं. "राहीला लेकरू झालं की घेऊ."

गोजरबाई त्याच्याकडं बघत राहिली. तेच वाक्य, पण आज तिला ते पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं झालं.

"आन् झालं तर?"

"कुनाला?"

"राहीला. लेकरू झालं तर घ्याल?"

"पोरी, येड लागलं का तुला?"

"घ्याल का ते सांगा."

छगननं सुनेकडं पाहिलं. "शब्दच हाय तो. घ्यावंच लागंल."

"मंग माझी लेक राहीची," गोजरबाई म्हणाली. "मी दिली. तरवडाखाली तिला आई न्हाई, बारवेत राहीला लेकरू न्हाई. कवापासनं दोघी एकेकट्या हायेत."

तिची सासू छबूबाई पाटी टाकून पुढं आली. "गोजरे! मेलेल्याचं बारसं करत्यात का कुटं? लोक शेन घालतील तोंडात!"

"घालू द्या. जितीपनी तिचं झालं न्हाई. आता तरी हुंद्या."

छबूबाई पाठ फिरवून तरातरा घराकडं निघाली. रागानं गेली, असंच सगळ्यांना वाटलं.

बायांनी बनुबाईला उचलून बारवेच्या कमानीच्या सावलीत नेलं. गोजरबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून कमानीच्या दोन दगडी कड्यांना बांधला, झोळी केली. तेवढ्यात छबूबाई आली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, तो तिच्या कडेवर होता, आणि त्याच्या अंगावर चिटाची कुंची होती. नातीसाठी तिनंच शिवलेली. पेटीत तळाशी दडवून ठेवलेली. सुनेला ती कधी दिसली नव्हती.

गोजरबाईनं कुंचीच्या गोंड्याला हात लावला. मग वरवंटा झोळीत निजवला आणि झोका दिला. गायला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज आपोआप फुटला:

निज माझ्या बाई, पान्याचा पाळना
आई तुझी राही, तिला झोप येईना

बोरदऱ्याच्या बायांनी पदर तोंडाला लावले. केतकवाडीच्या बायांनी दुसरी ओळ उचलली.

"मामा," गोजरबाई छगनला म्हणाली. आजवर तिनं त्याला या नावानं हाक मारली नव्हती. "आत्या न्हाई हितं कुनी. नाव तुमीच घ्या."

छगन वाकला. गुडघे कडाडले. कुंचीशी तोंड नेलं. मग "कुर्रर्र" करून म्हणाला, "हौसा."

गोजरबाईनं झोळी कवटाळली. "हौसा," ती म्हणाली. "हौसा गं माझी. हौसा." आता रडायला नाव होतं.

तांब्या छबूबाईनं पुढं केला. छगननं तो घेतला, पण ओठांना लावला नाही. पाण्यात बघत बसला.

"आजा सांगायचा," तो हळूच म्हणाला, "पानी न्हाई घेतलं, तोवर ती आपली हाय. तिला त्येनी बुडवली हे आपन कबूल केल्यालं न्हाई. आज घेतलं, म्हंजी..."

बनुबाई कण्हली. छगननं डोळे मिटले आणि प्याला. एकच घोट, औषध घ्यावं तसा. मग तांब्या सुनेच्या ओठांना लावला. या वेळी तिनं ओठ मिटले नाहीत.

मग केतकवाडीची माणसं एकेक करून बारवेत उतरली. बायका जोडवी न वाजवता. प्याली, आणि पिताना रडली.

बनुबाई वाचली. पुढं तिला मुलगा झाला.

पंचमीला छगन आला. बैल राहिले नव्हते, चालतच आला. गोजरबाई तांब्या घेऊन कमानीत उभी होतीच. त्यानं बारवेच्या काठावर खण ठेवला. मग कनवटीची पुरचुंडी सोडली. आत लहानसं झबलं होतं, लाल, हातशिलाईचं.

"मामाकडचं," तो म्हणाला, आणि ते काठावर न ठेवता गोजरबाईच्या हातात दिलं.

तो काठावर उभा राहिला. पाण्यावर आभाळाचा एक तुकडा हलत होता. त्यानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं. हाक आली नाही.

"बोलवा की, मामा," गोजरबाई म्हणाली.

छगननं मान हलवली.

"कशी यील ती आता? लेकरू हाय पदरात. त्येला कुटं ठेवंल?"

त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला, पाणी प्याला, तांब्या परत दिला आणि केतकवाडीच्या वाटेला लागला. वळणाशी जाईपर्यंत गोजरबाई बघत होती. एकदाही त्यानं मागं पाहिलं नाही. दरसाल तो तिथं थांबून बघायचा, कुणी मागून येतंय का म्हणून.